घरच्या घरी वाघोबाचा वाढदिवस: नागपुरात पहिल्यांदाच थीम पार्टी करणाऱ्यांसाठी

नागपुरात मुलाच्या वाढदिवसासाठी हॉल, फुग्यांची कमान, टॅटू काढणारी ताई, जादूवाले काका, सगळं एका फोनवर मिळतं. पैसे मोजायचे, नटूनथटून जायचं आणि रात्री दमून परत यायचं. ज्यांना हे नको आहे किंवा परवडत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मूल तीन ते सहा वर्षांचं, घर दोन-तीन खोल्यांचं आणि याआधी घरात ‘थीम’ नावाची भानगड कोणी केलेली नाही, असं धरून चालते.

बाकी काही वाचलं नाही तरी एवढं लक्षात ठेवा: थीम भिंतीला चिकटवण्यापेक्षा मुलांच्या हातात द्या. चार वर्षांचं पोर मागच्या बॅनरकडे ढुंकूनही बघत नाही, तो आपल्या फोटोंसाठी असतो. त्याला वाघ व्हायचं असतं, जिप्सीत बसायचं असतं, पलंगाखालून डरकाळी फोडायची असते. म्हणून कुठलीही वस्तू आणण्याआधी किंवा बनवण्याआधी स्वतःला विचारायचं, मुलं हिचं करणार काय? ‘बघतील’ एवढंच उत्तर आलं, तर ती यादीतून काढून टाका. निम्मा खर्च आणि निम्मी दमछाक तिथेच वाचते.

थीम कशी ठरवायची

“तुला कुठली थीम पाहिजे?” असं मुलाला मोकळं विचारू नका. कुठल्यातरी कार्टूनचं नाव येईल, आणि मग त्या चेहऱ्याच्या छापील प्लेटा, टोप्या, पडदे विकत आणण्यापलीकडे आपल्या हातात काही उरत नाही. शिवाय पार्टीचा दिवस उजाडेपर्यंत आवड बदललेली असते. आपल्याला घरी जमतील अशा दोन-तीन गोष्टी समोर ठेवायच्या आणि त्यातली एक निवडू द्यायची.

नागपूरकरांना विषय शोधायला लांब जावं लागत नाही. कडबी चौकाजवळच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात मूल एकदा जाऊन आलं असेल, तर आगगाडी उत्तम. खोक्यांचे डबे, फरशीवर रंगीत टेपचे रूळ, आणि दोन रूळ काटकोनात एकमेकांना छेदतील तिथे आपलं डायमंड क्रॉसिंग. दोन वर्षांच्या लेकरांसाठी नुसता संत्रा पुरतो: एक रंग, एक गोल आकार, झालं. पोळ्याच्या सुमारास वाढदिवस येत असेल तर तान्हा पोळा आयताच हाताशी आहे. लाकडी बैल घरात असतातच, मुलं नटायला तयारच असतात. फक्त नेमकी त्याच दिवशी पार्टी ठेवू नका. मुलं बैल घेऊन घरोघर बोजारा मागत फिरत असतात आणि मारबतीच्या मिरवणुकीमुळे महाल-इतवारीकडचे पाहुणे वेळेवर पोचत नाहीत.

या लेखात मी वाघ घेतलाय. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला, तिन्ही बाजूंनी जंगल आहे. आपल्याकडे प्रत्येक घरात सफारी करून आलेला आणि तिथल्या गोष्टी सांगून सांगून सगळ्यांना पिडणारा एक तरी काका किंवा मामा असतो. पार्टीचा गाइड तोच. त्याला आजच फोन करून ठेवा.

तारीख, वेळ आणि ऊन

वाढदिवस ज्या वारी असेल त्या वारी घरच्यांचं करा आणि मुलांची पार्टी जवळच्या रविवारी ठेवा. हे दोन कार्यक्रम एकत्र करू नका, असं माझं ठाम मत आहे. आत्या, मामा, मोठे काका, सोसायटीतल्या काकू आणि दहा मुलं एका हॉलमध्ये आली की मुलांना जागा उरत नाही, आणि यजमानीण सगळा वेळ स्वयंपाकघरात अडकते. आजी-आजोबांना दोन्हीकडे बोलवा, त्यांची मदतच होते.

वेळ ऋतूवर ठरवायची. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा साडेसहाच्या आधी लेकरांना घराबाहेर काढायला कोणी तयार होत नाही. साडेसहा ते साडेआठ ठेवा, आणि घरातच, कूलरसमोर. कूलरची हवा कागदी तोरणं फाडते आणि निरांजन विझवते, म्हणून सजावट त्याच्या झोतात नको, आणि औक्षणापुरता तो बंद करण्याचं काम एकाकडे सोपवा. जुलै ते सप्टेंबर गच्चीचा विचारच नको. डिसेंबर-जानेवारीत उलट, दुपारी चार ते सहा गच्चीवर किंवा अंगणात मजा येते, अंधार पडल्यावर मात्र गारठा चढतो. नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत जन्मलेल्या मुलांचे आई-बाप नशीबवान.

दोन तास पुरेत. तीन-चार वर्षांचं मूल दुपारी झोपत असेल तर त्या दिवशी झोप चुकवायची नाही, मग पार्टी अर्धा तास उशिरा सुरू झाली तरी चालेल. झोप न झालेला उत्सवमूर्ती केक कापताना भोकाड पसरतो.

निमंत्रण फोनवरच्या निरोपानं द्या, त्यात संपण्याची वेळ स्पष्ट लिहा. मुलाला खाण्यातलं काही चालत नसेल तर कळवा, हेही लिहा. कपड्यांबाबत ‘नारिंगी-पिवळं काही असेल तर घालून या’ एवढंच. वाघाचा पोशाख भाड्यानं आणायला लावून दुसऱ्यांच्या घरी ताप देऊ नये.

किती मुलं

मुलाचं वय अधिक दोन. चार वर्षांच्या मुलाला सहा पाहुणे. यापुढे खेळ हाताबाहेर जातात. अर्थात आपल्या कॉलन्यांमध्ये ताईला बोलावलं आणि तिच्या लहान भावाला नाही, असं चालत नाही, त्यामुळे सहाचे आठ-नऊ होणार हे धरूनच सामान आणा. दर तीन मुलांमागे एक मोठं माणूस हवं. इथे हातात मोबाइल घेऊन सोफ्यावर बसलेलं माणूस मोजायचं नाही.

सामान: काय आणायचं, काय नाही

सगळ्यात मोठी गरज खोक्यांची. किराणा दुकानदार बिस्किटांची खोकी देतो. फ्रिज किंवा वॉशिंग मशीनचं खोकं मिळालं तर सोनं, पण ते मागण्यासाठी टीव्ही-फ्रिजच्या दुकानात दोन आठवडे आधी सांगून ठेवावं लागतं. नारिंगी, काळा आणि पांढरा कार्डपेपर, हिरवा क्रेप, पोस्टर कलर, फेविकॉल, रुंद कागदी टेप आणि अर्धा इंची इलॅस्टिक. एवढंच घ्यायचं असेल तर घराजवळची स्टेशनरी बरी. डझनांनी घ्यायचं असेल तरच इतवारीची गर्दी अंगावर घ्या. खाकी कापडाचा कटपीस गांधीबागेत मिळतो, त्याचे चौकोन फाडून गळ्यात बांधले की सगळी मुलं वनरक्षक झाली. शिवणकाम शून्य.

आता काय आणायचं नाही ते. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या ज्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे, त्यात पार्टीच्या नेहमीच्या सामानातलं बरंच काही येतं: सजावटीचा थर्माकोल, फुग्यांच्या प्लास्टिक काड्या, प्लास्टिकच्या प्लेटा, पेले, चमचे, स्ट्रॉ, आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर. दुकानात दिसलं म्हणून चालतं असं नाही. त्यापेक्षा पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण आणा. जंगलाच्या पार्टीत पानावर जेवायला मिळालं की मुलं एरवीपेक्षा दोन घास जास्तच खातात.

फुगे थोडेच ठेवा आणि तोंडानं किंवा पंपानं फुगवलेले. आपोआप वर जाणाऱ्या फुग्यांमध्ये पुष्कळदा हायड्रोजन भरलेला असतो आणि तो पेट घेतो. मेणबत्तीच्या खोलीत तो नकोच. फेसाच्या स्प्रेचंही तेच, तो मेणबत्तीच्या ज्योतीवर पडला तर भडका उडतो. फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो, तेव्हा फट्ट आवाज आला की आधी तुकडे उचलायचे, मग हसायचं.

दोन आठवडे आधीपासून: बनवायच्या पाच गोष्टी

रोज झोपण्याआधी अर्धा तास, मुलाला सोबत घेऊन. त्यानं रंगवलेलं वाकडं झाड तसंच लावायचं. आपण रात्री गुपचूप ते ‘नीट’ करायचं नाही, सकाळी त्याला बरोबर कळतं.

पहिली, जिप्सी. सहा खुर्च्या दोन-दोनच्या रांगेत, पुढे ड्रायव्हरची एक. दोन्ही बाजूंना उंच खोक्याचे पत्रे कापून, हिरवे रंगवून खुर्च्यांना बांधा. स्टीलची थाळी म्हणजे स्टीअरिंग. पुढच्या नंबरप्लेटवर एमएच ३१ आणि त्यापुढे मुलाची जन्मतारीख. वर टप नको, सफारीची जिप्सी उघडीच असते, आणि मुलांना उभं राहायचं असतं.

दुसरी, मुखवटे. पुठ्ठ्याची नारिंगी गोल चकती, वर दोन कान, मागे इलॅस्टिक. पट्टे मात्र काढू नका, ते मुलांसाठी सोडा. दोन वाघांचे पट्टे कधीच सारखे नसतात, म्हणूनच वनखात्याचे लोक कॅमेरा ट्रॅपच्या फोटोतल्या पट्ट्यांवरून कुठला वाघ ते ओळखतात. तेव्हा कोणाचाही वाघ चुकत नाही. वाघाच्या कानांच्या मागच्या बाजूला एकेक पांढरा ठिपका असतो, तो आवर्जून काढायला सांगा. मुलं घरी जाऊन हीच गोष्ट सांगतात. बऱ्याच लहान मुलांना तोंड झाकलेलं सहन होत नाही, म्हणून मुखवटा कपाळावर बसेल असा करा, टोपीच्या पट्टीसारखा. चेहरा मोकळा राहतो आणि फोटोत मूल ओळखूही येतं.

तिसरी, वाघाचे ठसे. मोठा आलू आडवा कापून त्याच्या अर्ध्या भागाचा तळवा करा. मागच्या कडेला दोन खाचा पाडल्या की तीन फुगवटे दिसतात. पुढे चार बोटं, ती मुलानं रंगात अंगठा बुडवून उठवायची. नखं काढायची नाहीत. चालताना वाघ नखं आत ओढून घेतो, म्हणून त्याच्या ठशात ती दिसत नाहीत, कुत्र्याच्या ठशात दिसतात. ठसे जुन्या कागदावर उठवा, कापा आणि कागदी टेपनं फरशीवर लावा. दारापासून सुरू होऊन सोफ्यामागून वळून ते पाणवठ्यापर्यंत जायला हवेत.

चौथी, हा पाणवठा. निळी ओढणी किंवा जुनी साडी कोपऱ्यात पसरायची, काठाला कुंडीतले चार दगड, आणि भोवती घरातले खेळण्यातले प्राणी. चितळ, नीलगाय, रानडुक्कर नसतील तर पुठ्ठ्याचे कापा. जिराफ आणि झेब्रे मात्र कपाटात राहू द्या. विदर्भातलं जंगल आहे, तिथे ते काय करतील?

पाचवी, मचाण. खरं मचाण उंचावर असतं, पण चार वर्षांच्या आठ मुलांना उंचावर चढवायचं नाही. डायनिंग टेबलावर चादर टाका, मुलं त्याच्या खाली बसतील, आणि पाणवठ्याच्या बाजूला चादरीत डोळ्यांच्या उंचीवर दोन फटी ठेवा. दबा धरून बघता आलं की त्यांना मचाणच वाटतं.

एवढं पुरे. भिंतीवर मुलाचं नाव आणि वय, नारिंगी कागदावर काळ्या अक्षरांत. शक्य असेल तर एखादी सुट्टी गोरेवाड्याच्या प्राणी उद्यानात किंवा महाराजबागेत घालवा. पार्टीच्या आधी खरे प्राणी बघून आलेलं मूल त्या दिवशी स्वतःच गाइड होतं.

खेळ

पार्टी इथे ठरते, म्हणून जास्त डोकं इथे लावा. क्रम असा ठेवायचा की बसायचं, पळायचं, बसायचं, पळायचं. सलग दोन धावपळीचे खेळ घेतले की कोणीतरी पडतं किंवा कोणीतरी चावतं.

मुलं एकेक करून येतात, आणि पहिला आलेला शेवटच्याची वाट बघत कंटाळतो. म्हणून दारातच चटई टाकून मुखवट्यांचं काम मांडा. जो येईल तो बसेल आणि पट्टे ओढेल. मेणाचे जाड खडू द्या. पाण्याचे रंग या वेळी नको, पाहुण्यांचे कपडे नवे असतात.

सगळे जमले की सफारी. दाराशी आजोबा गेटवर बसतात आणि प्रत्येकाच्या परमिटावर, म्हणजे सफारीच्या कागदी परवान्यावर, शिक्का मारतात. जिप्सीत बसल्यावर गाइड काका नियम सांगतो: जंगलात मोठ्यानं बोलायचं नाही, खाली उतरायचं नाही, कचरा टाकायचा नाही. हा पहिला नियम सोन्यासारखा आहे. “गप्प बसा रे” म्हटल्यावर जी मुलं कधीच गप्प बसत नाहीत, ती ‘वाघ पळून जाईल’ म्हटल्यावर कुजबुजायला लागतात.

मग कॉल. जंगलात वाघ जवळ असला की वानर आणि चितळ ओरडून इशारा देतात, गाइड लोक त्याला ‘कॉल आला’ म्हणतात. मुलांना दोन आवाज आधी शिकवा: झाडावरच्या वानराचा खोकल्यासारखा ‘खॅक्’ आणि चितळाचा तीक्ष्ण ‘कुक्’. स्वयंपाकघरातून मावशी ‘खॅक्’ करते, सगळ्यांनी त्या बाजूला वळायचं. बेडरूममधून मामा ‘कुक्’ करतो, सगळे तिकडे. चार-पाचदा फसवल्यावर बाबा मुखवटा घालून सोफ्यामागून सावकाश चालत जातात. सावकाश! अंगावर उडी मारायची नाही. तीन वर्षांच्या मुलांना बाबाचा वाघ झाला की खरोखर भीती वाटते, म्हणून मुखवटा चढवताना त्यांनी बघितलेलं बरं. एखादं मूल रडलंच तर त्यालाच ड्रायव्हर करा.

सफारीनंतर ठशांचा माग काढत मचाणाखाली, आणि तिथे प्राणीगणना. वैशाखात बुद्धपौर्णिमेच्या रात्री आपल्या जंगलांमध्ये पाणवठ्याजवळच्या मचाणांवर बसून प्राणी मोजतात, तीच ही गणना. प्रत्येकाच्या हातात चार चित्रांचा कागद आणि पेन्सिल. फटीतून बघायचं आणि जितकी चितळं दिसतील तितक्या रेघा. अधूनमधून मोठ्या ताईनं हात घालून एक मोर काढून घ्यायचा नाहीतर एक अस्वल ठेवून द्यायचं. सहा वर्षांची मुलं बेरीज करतात, तीनची नुसती बोटं दाखवतात, दोन्ही चालतं. दिवे मंद करून हातात एक टॉर्च दिली तर हा खेळ वीस मिनिटंही चालतो. लाइट गेलीच, तर त्या दिवशी गेलेली बरी.

पळायला वाघ-शेळी. सगळ्यांनी हात धरून रिंगण करायचं, शेळी आत, वाघ बाहेर, रिंगणानं वाघाला अडवायचं. यात कोणी बाद होत नाही. संगीतखुर्ची या वयाला घेऊ नका. पहिला बाद झालेला मुलगा उरलेला सगळा वेळ आईच्या पदराखाली जातो, आणि असे एकामागून एक सगळेच जमा होतात.

बक्षिसं नकोत, माझ्या मते. द्यायचीच तर सगळ्यांना, एकसारखी.

केक

बिनाअंड्याचा संत्र्याचा केक घरी सहज होतो, ओव्हन नसला तरी. आंबिया बहाराचा संत्रा साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृगाचा फेब्रुवारी-मार्चच्या आसपास बाजारात असतो. त्या महिन्यांत वाढदिवस असेल तर हाच करा. एरवी संत्र्याऐवजी वेलची घाला, बाटलीतला इसेन्स नको.

मैदा दीड कप, ताजं घट्ट दही एक कप, साखर पाऊण कप, बिनवासाचं तेल अर्धा कप, बेकिंग पावडर सव्वा छोटा चमचा, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, दोन संत्र्यांच्या सालीचा कीस आणि दोन मोठे चमचे रस. आपल्या संत्र्याची साल सैल असते, सोलल्यावर ती किसता येत नाही. म्हणून अख्खं फळ धुऊन, घट्ट धरून, बारीक किसणीवर हलक्या हातानं फिरवा. फक्त नारिंगी भाग घ्या, खालचा पांढरा कडू लागतो.

दही आणि साखर विरघळेपर्यंत घोटा. त्यात सोडा आणि बेकिंग पावडर घालून पाच मिनिटं ठेवा, फेस येईल. तेल, कीस आणि रस घाला. मैदा चाळून दोन-तीन वेळा थोडा थोडा मिसळा, गुठळ्या गेल्या की थांबा, जास्त घोटल्यास केक चिवट होतो. सात इंची भांड्याला तेल लावून मैदा भुरभुरा आणि मिश्रण ओता. ओव्हन १८० अंशांवर आधी तापवलेला असेल तर ३५ ते ४० मिनिटं. कुकरमध्ये करायचा तर तळाला मीठ पसरून त्यावर स्टँड ठेवा, रबर आणि शिट्टी दोन्ही काढा, दहा मिनिटं मध्यम आचेवर तापू द्या आणि मग भांडं आत ठेवून मंद आचेवर ४५ ते ५० मिनिटं. मधोमध सुरी खुपसून कोरडी निघाली की झाला. बारा-चौदा लहान तुकडे होतात. आठवडाभर आधी एकदा करून बघा, कुकर-गॅसचा अंदाज येतो आणि घरचे खुश होतात.

सजावटीत व्हिप्ड क्रीमच्या नादाला लागू नका, विशेषतः मार्च ते जून. टेबलावर ठेवल्यापासून पाहुणे जमेपर्यंत ते खाली ओघळतं. वाघाचा चेहरा करायला याहून सोपा रस्ता आहे. पूर्ण गार झालेल्या केकला वरून आणि कडेनं जॅम लावा. सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस बरणीत घेऊन खाण्याचा नारिंगी रंग चार थेंब टाका, झाकण लावून खळखळवा आणि जॅमवर दाबून बसवा. खोबरं केकचे सगळे खड्डे झाकतं, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्यांना हे फार सोयीचं. डार्क कंपाउंड वितळवून बटर पेपरच्या कोनातून पट्टे, डोळे, नाक काढा. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तेलाची चरबी असते, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात ते खऱ्या चॉकलेटपेक्षा जरा टिकाव धरतं. कान म्हणजे दोन मारी बिस्किटं. ती अगदी शेवटी खोचा, नाहीतर मऊ पडतात.

खाणं

मुलांचं आणि मोठ्यांचं वेगळं. मुलांना छोट्या इडल्या, कमी तिखटाच्या सांबारवड्यांचे बारीक तुकडे, मुरमुऱ्यांचा चिवडा, बिया काढलेल्या संत्र्याच्या फोडी, आणि उन्हाळा असेल तर पन्हं. चिवड्यात फल्लीदाणे आणि फुटाणे घालू नका. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे दाणे घशात अडकण्याची भीती असते. द्राक्षं देत असाल तर उभी चिरून. पदार्थांना ‘वाघाचे दात’, ‘जंगल भेळ’ अशी नावं देऊन चिठ्ठ्या टोचण्यात वेळ घालवू नका, पाहुण्यांना अजून वाचता येत नाही.

मोठ्यांना तर्री पोहे, दुसरं काही सुचवणारा नागपूरचा नव्हे. एक किलो पोह्यांत बाराजण पोटभर खातात. त्याला अर्धा किलो काळे हरभरे आदल्या रात्री भिजवून सकाळी तर्री करून ठेवा. पोहे मात्र ऐनवेळी. मुलांना तेच पोहे तर्रीशिवाय, वर लिंबू आणि शेव. गरम तर्रीचं पातेलं ओट्यावरच मागच्या बाजूला ठेवायचं, टेबलावर आणायचं नाही.

त्या दिवशी

पाच ते सातची पार्टी असेल तर साधारण असं जातं:

५.०० ते ५.२५ – येणं, मुखवटे, पट्टे
५.२५ ते ५.४५ – परमिट, सफारी, कॉल
५.४५ ते ६.०५ – मचाण आणि गणना
६.०५ ते ६.१५ – वाघ-शेळी
६.१५ ते ६.३५ – औक्षण, केक
६.३५ ते ७.०० – खाणं, मोकळं खेळणं, निरोप

हा कागद फ्रिजवर लावा, पण मुलं गणनेत रमली तर वाघ-शेळी सोडून द्या. केक सव्वासहाच्या पुढे ढकलू नका, भुकेली मुलं खेळत नाहीत.

औक्षण आजीच्या हातानं, केकच्या आधी, सगळ्या मुलांना पाटाभोवती बसवून. तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी आधीच काढून ठेवा, ऐनवेळी सुपारी सापडत नाही. निरांजन उचलून दूर ठेवलं की मगच केक आणा. केकवर वयाइतक्या साध्या मेणबत्त्या पुरेत. ठिणग्या उडवणारी फुलबाजीसारखी मेणबत्ती वाकून बघणाऱ्या चेहऱ्यांसमोर नकोच. फोटो काढण्याचं काम एकाच माणसाला द्या आणि बाकीच्यांचे मोबाइल गेटवर आजोबांकडे जमा करा. जंगलात मोबाइल बंद, हे लेकरांनीच सांगितलं की मोठेही मुकाट्यानं देतात.

भेटी तिथे उघडायच्या नाहीत. यजमान मूल एकीकडे ‘माझं’ म्हणून ओढतं, पाहुणे मूल दुसरीकडे.

परतभेट म्हणून मुखवटा, खाकी रुमाल आणि शिक्क्याचं परमिट मुलांच्या अंगावर आहेच. त्यात हंगाम असेल तर दोन संत्री, नसेल तर एक छोटी वही. प्लास्टिकच्या शिट्ट्या आणि भिंगऱ्या भरलेल्या पिशव्या दुसऱ्या दिवशी सोफ्याखाली सापडतात, म्हणून मी त्या देत नाही.

दुसऱ्या दिवशी

पत्रावळी आणि खरकटं ओल्या कचऱ्यात, रंगवलेले पुठ्ठे सुक्यात. जिप्सी मात्र लगेच मोडू नका, आठवडाभर रोज संध्याकाळी सफारी निघते. फरशीवरचे टेप त्याच रात्री काढा, राहिले तर उन्हाळ्यात गोंद वितळून फरशीला चिकटतो आणि खोबरेल तेल लावून घासावा लागतो. उरलेला केक बंद डब्यात फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतो. मारी बिस्किटाचे कान आधी काढून खाऊन टाका.